कर्करोगाने मणक्यावर दाब येऊन पाय जाऊ लागलेल्या रुग्णांस दिल्लीत तातडीचे उपचार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. श्री. प्रतापराव जाधव,
राज्यमंत्री, आरोग्य व कुटुंबकल्याण, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,

आम्ही दिल्ली, नोएडा, गुरुग्राम व फरिदाबाद येथे राहणारे मराठी कर्करुग्णांचे नातेवाईक आपणांस सविनय निवेदन सादर करतो की,

स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कर्करोग मणक्यात उतरला की गाठ मज्जारज्जू दाबू शकते. आमच्यातल्या एका घरी हेच घडले. बाईंचा स्तनाचा कर्करोग आटोक्यात आला होता. मग पाठ धरली. आडवे झाले की दुखणे वाढे, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटे. जवळच्या दवाखान्यातून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, मोठ्या रुग्णालयातून एमआरआयची पुढची तारीख. तारीख उजाडण्याआधीच पायातली चप्पल निसटलेली त्यांना कळेनाशी झाली, लघवी तुंबली. पुढे सगळे उपचार झाले, पण पाय परत आले नाहीत.

रांगेत थांबण्याचा हा आजार नाही. उपचार सुरू होताना जो चालतो, तो बहुधा पुढेही चालतो. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात चालणे थांबलेल्यांपैकी शस्त्रक्रिया व रेडिएशन दोन्ही मिळालेले 16 पैकी 10 जण पुन्हा चालले, नुसते रेडिएशन मिळालेले 16 पैकी 3. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांना रेडिएशनचा एकच डोसही बराच उपयोगी पडतो, हे 2019 च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. मज्जारज्जूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन तर स्वस्तातले औषध आहे.

तरी आमची मागणी अशी की, एम्स, सफदरजंग व राममनोहर लोहिया रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात अशा रुग्णाचा संपूर्ण कण्याचा एमआरआय 24 तासांत व्हावा, ओपीडीची तारीख मागू नये. रेडिएशनसाठी रविवारी व सुट्टीच्या दिवशीही सोय असावी. मणक्याचे सर्जन व कर्करोगतज्ज्ञ यांनी त्याच दिवशी एकत्र निर्णय घ्यावा. झज्जरच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पाठवायचे असल्यास रुग्णवाहिका रुग्णालयानेच द्यावी. लुळ्या पायांचा माणूस रिक्षात बसवून नेता येत नाही. प्रत्येक कर्करुग्णाला घरी सोडताना धोक्याच्या लक्षणांचे हिंदी कार्ड द्यावे. ज्यांचे पाय गेलेच, त्यांना फिजिओथेरपी, कॅथेटर व अंथरुणातल्या जखमांची काळजी सरकारी खर्चाने मिळावी.

या विषयावर आपली भेट घेण्यासाठी कृपया वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
दिल्ली परिसरातील मराठी कर्करुग्णांचे नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)