ढाल कोणासाठी?

दि. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जण दगावले. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचवली ती नित्याची फेरी घेऊन गेलेल्या एस.टी.च्या चालकाने. भर पावसात तो त्या रस्त्याला गेलाच नसता तर?

आहुपे ते नाणेघाट या डोंगरपट्ट्यात शासन दिसते ते अशा फेरीच्या, शिक्षकाच्या, ग्रामसेवकाच्या, आरोग्यसेविकेच्या रूपाने. त्यांनी मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. २०२२ साली आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्याचा व घरभाडे भत्त्याचा प्रश्न उपस्थित करताच शिक्षक संघटना संतप्त झाल्या. गावात राहण्याजोगे घर नसते, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हे. परंतु जो शाळेतच येत नाही, त्याचे काय?

जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावे, आदेश, मग अपील. यातील एकही पायरी अनाठायी नाही. पुढाऱ्याच्या लहरीखातर प्रामाणिक सेवकाची नोकरी जाऊ नये, यासाठीच ही ढाल आहे. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत सनदी सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली, ती अधिकाऱ्याला मंत्र्यासमोर निर्भयपणे मत देता यावे म्हणून. कामचुकाराला अभय मिळावे म्हणून नव्हे.

शिवाय ही ढाल सर्वांना सारखी नाही. तिकिटाच्या पैशांचा अपहार करणाऱ्या वाहकाची बडतर्फी रक्कम क्षुल्लक असली तरी योग्यच, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. उलट लाच घेताना पकडला गेलेला कर्मचारी निलंबित होतो, निर्वाह भत्ता घेतो आणि खटला रेंगाळताच पुन्हा खुर्चीत दिसतो!

याचा दोष केवळ संघटनांच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. निलंबनानंतर तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात दिला. ते पत्र तयार करणे संघटनेचे नव्हे, वरिष्ठांचे काम. त्यांच्या विलंबामुळे दोषी कामावर परततो आणि निर्दोषावरील डागही पुसला जात नाही. दोषारोपपत्र वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी झाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.