न दिसणारा मुद्राराक्षस

वार्षिकांक हाती पडला की आपण प्रथम आपले छायाचित्र शोधतो, मग नाव. आणि नावात चूक निघाली की मुद्राराक्षसाच्या नावाने बोटे मोडतो. माझे म्हणणे असे की, हा राक्षस तसा गरीब आहे. ‘महाविद्यालया’चे ‘महाविद्यायल’ झाले तर वाचक हसतो, मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. भीती बाळगावी ती जी चूक स्वतःच एक शुद्ध शब्द असते तिची.

‘पीक’ची वेलांटी ऱ्हस्व झाली की शेतात कोकिळ उभा राहतो. ‘सूर’चा उकार ऱ्हस्व झाला की गाण्याच्या जागी देव अवतरतो! खिळ्यांच्या छपाईत उलटा बसलेला खिळा लगेच उठून दिसे. आता अक्षरजुळणी संगणकावर होते. पान स्वच्छ दिसते आणि म्हणूनच आपण फसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कधी कधी रफार गळतो. मग ‘कार्य’चे ‘काय’ होते, ‘मार्ग’चा ‘माग’. दोन्ही शब्द कोशात आहेत. संगणक त्यांना हटकणार कसा?

मजकूर दीर्घ असला की आणखी एक गोम असते. तिसऱ्या प्रकरणात चार ओळी वाढल्या की पुढची पाने सरकतात, पण हाताने घातलेली अनुक्रमणिका जुनेच आकडे सांगत बसते. एक टीप गाळली की ‘टीप १४ पाहा’ हे वाचून वाचक भलत्याच टीपेवर जातो. म्हणजे एक चूक दुरुस्त करताना दुसरी जन्मते, आणि ही दुसरी कोणी पाहत नाही, कारण ते पान ‘तपासून झालेले’ असते.

हे दुखणे छापखान्याबरोबर आलेले नाही. पैठणला एकनाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. जुना शब्द कळला नाही की नकलणारा ओळखीचा शब्द घालतो, आणि तो इतका चपखल बसतो की दुसरी प्रत शेजारी ठेवल्याशिवाय संशयही येत नाही.

आपले आखाडा बाळापूर हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे. हिंगोलीकडे नामदेवांची नर्सी, दुसऱ्या टोकाला नांदेडचा गुरुद्वारा. नामदेवांची ६१ पदे ज्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्याची प्रमाण छापील प्रत १४३० पानांचीच असते. अमुक शब्द अमुक पानावर, हे प्रत्येक प्रतीत ठरलेले. शिवाय पदांच्या शेवटी कडव्यांचे व पदांचे आकडे दिलेले असतात. एखादे कडवे गळले तर मोजदाद जुळत नाही. अर्थ न कळणाऱ्यालाही चूक सापडावी, अशी ही सोय आहे. किती साधी युक्ती!

मुद्रितशोधन हे छापखान्याच्या नोकराचे काम, साहित्याच्या विद्यार्थ्याचे नव्हे, असा समज आपल्याकडे आहे. मला तो मुळीच मान्य नाही. शुद्धलेखनाचे अठरा नियम परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या आपल्याला ते वापरण्याची दुसरी जागा कोणती? आपल्यापैकी अनेकांची पहिली, आणि खरे सांगायचे तर कदाचित शेवटचीही, कविता याच अंकात छापून येते. तिच्यातल्या ‘दीन’चा ‘दिन’ झाला तर चूक झाली असे कोणाला वाटत नाही. कवीच कच्चा ठरतो.

म्हणून माझी सूचना अशी. दोघांनी बसावे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचावे, ऱ्हस्व-दीर्घ व विरामचिन्हे यांसकट; दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावे. लेखकाने स्वतःचे मुद्रित एकट्याने तपासू नये. त्याला छापलेले दिसत नाही, लिहिलेले आठवते. दुरुस्ती झालेला परिच्छेद शेवटपर्यंत पुन्हा वाचावा. कवितांची कडवी, टीपा आणि गुणवंतांच्या यादीतली नावे चक्क मोजावीत. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक सर्वांत शेवटी, प्रत्यक्ष पाने उलटून भरावेत. अंक छपाईला जाण्याआधीच्या दोन-तीन दुपारी आणि ग्रंथालयातले एक टेबल, एवढे मिळाले तरी पुरे.