डब्यातले पाणी अडले कुठे?

फुलसावंगीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलाच्या हट्टापायी घरात अडीच फुटी माशांची पेटी आली. मागाहून पेटीखाली ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे तो बंद डबा, आला. “आधी पाणी कसं खळखळ पडायचं, आता नुसतं ओघळतं. दोन्ही गोल्डफिश सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात. हे म्हणतात नवा मोठा आणू, सासूबाई म्हणतात पेटीच देऊन टाका.”

ताई, दोन्हींची घाई नको. आज पेटीतले पाव पाणी बदला, म्हणजे माशांना तेवढाच दिलासा. मग दहा लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. परतीच्या नळीचे तोंड पेटीतल्या पाण्याच्या पातळीला धरून बादली भरा. (बादली जमिनीवर ठेवून नळी खाली सोडली की पाणी उगाच जास्त पडते आणि आपण फसतो.) तुमच्या पेटीत सुमारे 70 लिटर पाणी मावते. तासाला त्याच्या चौपट फिरायला हवे, म्हणजे बादली दोन मिनिटांत भरली पाहिजे. माझ्या डब्याला पाच मिनिटे लागली होती, आणि खोक्यावर छापले होते तासाला 600 लिटर!

शेतातल्या ठिबकचे जे होते तेच इथे. जाळी तुंबते, नळीत थर बसतो. बहुतेक डब्यांत पाणी खालून वर चढते, म्हणून तळाशी जाड स्पंज, मध्ये सिरॅमिकच्या रिंगा आणि बारीक कापूस सर्वांत वर, तोही पातळच. कापूस तळाशी गेला की दोन आठवड्यांत गच्च. नळीचे वळसे काढा, जादा लांबी कापा, आतून ब्रश फिरवा. मोटारीच्या पात्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर ते व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून स्वच्छ धुवा. हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नकोच.

एक चूक मात्र माझी करू नका. मी हौसेने स्पंज आणि रिंगा नळाखाली पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत धुतल्या. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जंतू त्यांतच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते गेले आणि चौथ्या दिवशी एक मासा गेला. घरी आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोलले नाही. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळायचे, बस्स.

आता खरी सुधारणा. परतीच्या आडव्या नळीची भोके फार बारीक असतात. दोन मिलिमीटरचे भोक चारचे केले की वाट चौपट होते. हातड्रिलने करा. तापल्या दाभणाने केले तर कडा खडबडीत राहून शेवाळ तिथेच धरते. नळी पाण्याच्या पृष्ठभागालगत बसवा, पाणी हलले की हवा मिसळते. धार मात्र माशांच्या अंगावर नको.

वीज चार-सहा तास गेली तर डबा तसाच सुरू करू नका. आतले पाणी नासलेले असते. ते ओतून, स्पंज पेटीच्या पाण्यात खंगाळून मगच बटण दाबा. आणि ते काळे पाणी मोरीत घालवू नका, सासूबाईंच्या जास्वंदीला द्या. पेटी देऊन टाकण्याचा विषय त्या पुन्हा काढतात का, ते कळवा.