कोणाची मोटर कधी सुरू होईल?
रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपुरात, उद्याच्या विजेचा अंदाज बांधणारे पारावर पुष्कळ भेटतात. पगार तेवढा दुसऱ्यांना मिळतो. महावितरण दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात किती मेगावॅट लागतील ते आदल्या दिवशीच कळवतं आणि ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र त्यावर वेळापत्रक लावतं. वीज म्हणजे काही कणगीत भरून ठेवायची तूर नव्हे. अंदाज हुकला की 50 हर्ट्‌झचा काटा हलतो. शहराचं एक बरं असतं, पारा चढला की कूलर, दिवस बुडाला की दिवे. वर्धेकाठी तसं नाही. जानेवारीत आंबिया बहारासाठी संत्र्याचा ताण तोडायचा, तर साऱ्या बागांना पाणी एकदमच हवं. त्यात स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच. रात्री थ्री-फेज लाइन आली की शेतकरी गोधडीतच, अन् शिवारातल्या मोटरी एका दमात धडधडतात. डीपी घुमते, कधी जळतेही. ते स्विच काढा, असं महावितरण सांगून थकलं. पण साप-विंचवाच्या अंधारात लाइनची वाट पाहत बांधावर बसायचं कोणी, हेही सांगा ना बाप्पा! आणि पावसाची एक दमदार सर आली, की हीच मागणी धाडकन खाली. आता सौर कृषी वाहिनीची पॅनेलं आलीत, म्हणजे अंदाजवाल्याला मागणीसाठीही ढग पाहायचे आणि पुरवठ्यासाठीही.