परिटाची खूण

दुकानात सगळे मिळून चाळीसेक कपडे असतील. तेवढ्या जागेत तुळशीबागेतला माणूस चार हजार कोंबेल आणि वर स्वतःला बसायला स्टूलही ठेवील. इथे दोन हँगरांच्या मध्ये वीतभर जागा मोकळी, भिंती पांढऱ्याशुभ्र, वाळ्याचा मंद वास. जुन्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास नसतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. प्रभात रोडच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भाचीने मला ओढत आणलं होतं. "मावशी, हे विंटेज आहे. सेकंडहँड नाही," असं तिने रिक्षातच बजावलं. आत जाऊन मी भलतंच काही बोलीन याची तिला खात्री असावी.

कपडा वीसेक वर्षांचा झाला की विंटेज आणि शंभरी गाठली की अँटिक, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे माझं निम्मं कपाट विंटेज, आणि नेसणारीही त्याच वाटेवर. दारावरच्या पाटीवर 'क्युरेटेड' असाही एक शब्द होता. क्युरेटेड म्हणजे निवडलेलं. आमच्याकडे तांदूळ निवडतात, त्याचे वेगळे पैसे कुणी लावत नाही.

भाची शिरली ती थेट सफारीच्या शर्टात. खांद्यावर पट्ट्या, पुढे चार खिसे, रंग बदामी. "कसला कूल आहे ना!" म्हणत आरशापुढे फिरली. कूल? तो कपडा टेरिकॉटचा. धुतला की तासाभरात वाळायचा, इस्त्रीचे लाड नव्हते, पण एप्रिल-मेमध्ये आतला माणूस उकडून निघायचा. माझ्या वडिलांनी असाच सफारी बँकेत बढती मिळाल्यावर शिवला होता. इथे नुसत्या शर्टाला २,८०० रुपये. आमचा सफारी कुठे गेला ते मला पक्कं माहीत आहे. बोहारणीकडे गेला.

हल्लीच्या मुलांना बोहारीण सांगावी लागते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं, आणि दुपारी सगळी वामकुक्षीत असताना जिन्यातून येणारी "भांडीऽऽय" अशी हाक. आई दाराची कडी काढायची आणि दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसकण मारायच्या. तासभराची निश्चिंती. बोहारीण एकेक कपडा घेऊन उजेडाकडे धरायची. दोन अंगठ्यांमध्ये शिवण ताणून बघायची, कॉलर उलटी करायची, काखेत नाक खुपसायची, पँट असेल तर बुडाशी पंजा घालून पलीकडून बोटं दिसतात का ते पाहायची. मग तोंड वाकडं. "विरलंय हो ताई." आई म्हणायची, "विरलंय? अगं, दोन दिवाळ्यासुद्धा झाल्या नाहीत." सात पँटी आणि तो सफारी देऊन आईने झाकणाचा डबा घेतला, शिवाय उठता उठता पाटीतला एक चमचाही उचलला. "हा वर," म्हणाली. बोहारणीने कपाळाला हात लावला. पण चमचा सोडला.

या सौद्यांचं आईचं शास्त्र होतं. बोहारणीपुढे आपल्या चिंधीचंही कौतुक करायचं आणि दुकानात मात्र समोरच्या शालूला नाकं मुरडायची. आवडलंय हे पैसे देईपर्यंत कळू द्यायचं नाही.

जरीच्या साड्या बोहारणीला द्यायच्या नसत. त्यांचा गिऱ्हाईक वेगळा, तो तागडी घेऊन यायचा. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. तो साडी जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. आजीचा शालू असा वजनावर गेला. सुती लुगडी मात्र घराबाहेर पडतच नसत. विरली की गोधडीत, गोधडी विरली की बाळाच्या दुपट्यात, आणि शेवटी कंदिलाची काच पुसायला. आमच्या घरातलं कुठलंच सुती कापड विंटेज होण्याइतकं जगलं नाही.

दुकानाची मालकीण तिशीची, आधी आयटीत होती. मला तिने "मॅम" म्हटलं. माल कुठून आणता, असं विचारलं तेव्हा ती खुलली. वाडे पडताना आणि सोसायट्या रिडेव्हलपमेंटला जाताना लोक ट्रंका उघडतात, तिथून. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातून. काही विदेशी जॅकेटं कांडल्याच्या बाजूने. कच्छमधल्या त्या निर्यात क्षेत्रात परदेशातल्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे येतात, बायका हातांनी त्यांची प्रतवारी करतात, बरंचसं पुन्हा परदेशी जातं आणि लोकरीचं पानिपतला, तिथे ते पिंजून त्याच्या घोंगड्या होतात. हे सगळं ती घडाघडा बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि एक मावशी आहेत. भांडी देऊन कपडे घेतात. वेगळं काही आलं की मला फोन करतात. त्यांची नजर फार चांगली आहे."

मग तिने मला एक पीस कसा पारखायचा ते दाखवलं. उजेडाकडे धरला. शिवण दोन अंगठ्यांत ताणली. कॉलर उलटी केली. मी भाचीकडे बघितलं, पण ती चारही खिशांत हात घालून सेल्फी घेत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचा जिना होता. शंभरातले पाच वेचायचं काम त्या मावशींच्या उंबरठ्यावर आधीच होऊन गेलेलं. पाटीवर नाव मात्र 'क्युरेटेड', आणि डब्याच्या बोलीवर आलेल्या शर्टाला २,८००.

निघता निघता मला ती साडी दिसली. पांढऱ्यावर फिकट जांभळी फुलं, फुल व्हॉइल. शाळेत आमच्या बाई असल्याच साड्या नेसायच्या, कडक खळीच्या, परीटघडीच्या. वर्गात शिरल्या की आधी पदराची सळसळ ऐकू यायची. व्हॉइलचं सूत पिळदार आणि बारीक, म्हणून कापड पारदर्शक असूनही लोळागोळा होत नाही. भायखळ्याच्या खटाव मिलच्या व्हॉइलचं केवढं नाव होतं. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि नंतर एकेक करून त्या भोंग्यांच्या जागी टॉवर आले. ही साडी खटावची होती की आणखी कुणाची, सांगता येईना; मिलचा शिक्का धुवून धुवून गेलेला. टॅगवर '१९७०चे दशक' असं अंदाजपंचे लिहिलेलं. गंमत बघा, त्याच काळातल्या आमच्या डब्यावर आईने नाव आणि तारीख कोरून घेतली आहे. भांड्याला जन्मतारीख आहे, कपड्याला नाही.

फॉल हाताने लावलेला, बारीक टाके. आतल्या टोकाशी, खोचण्यात जाईल अशा जागी, काळा ठिपका दिसला. नीट पाहिलं तर तीन ठिपके आणि एक उभी रेघ.

"सॉरी मॅम, तिथे थोडा डाग आहे," मालकीण म्हणाली. "खूप ट्राय केला, जात नाहीये. म्हणून मी दहा टक्के कमी करते."

किंमत ४,२००. दहा टक्के म्हणजे ४२० रुपये. इथे आईने काय केलं असतं? भुवई उंचावली असती, "डाग आहे होय!" म्हणून साडी बाजूला सारली असती आणि बारा टक्क्यांवर आणली असती.

मी म्हणाले, "अगं, हा डाग नव्हे. ही परिटाची खूण."

आणि मग मला आवरेना. परीट घरोघरचे कपडे एकत्र धुवायचा, मग ते ओळखायचे कसे? म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. बिब्ब्याला टोचायचं, त्याच्या चिकाने कापडावर ठिपके द्यायचे, वरून चुना. काळं होतं ते कापड फाटेपर्यंत जात नाही. अंगाला लागला तर उततो तो बिब्बा. आमच्या घराची खूण दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. ही आमची नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी घरची. पण कुणाची तरी आहे. एवढं सगळं मी सांगितलं, हातवारे करून सांगितलं.

मालकिणीचे डोळे चमकले. "काकू, हे किती भारी आहे!" मॅमची काकू झाले. तिने फोन काढून खुणेचे तीन फोटो घेतले, टॅग उलटा केला आणि मागे बारीक अक्षरात लिहिलं: 'मूळ परीटखूण, बिब्बा.'

मग बिल केलं. ४,२०० रुपये. दहा टक्क्यांचं काय, असं मी विचारलं.

"पण काकू, आता तो डाग कुठे आहे?"

रिक्षात भाची हसून हसून बेजार. माझ्याच सौद्यात मीच बिब्बा घातला होता.