सर्व्हर उभा राहील, अपडेट कोण करणार?

वाचक मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न अधूनमधून येत असतो. आपल्या मंडळाचं पान, आपल्या चर्चा, कार्यक्रमांचे फोटो हे सगळं परक्या कंपनीच्या मर्जीवर का ठेवायचं? मॅस्टोडॉनसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मग स्वतःचं सोशल नेटवर्क का उभारू नये? पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे हा प्रश्न ऐकून मला आनंदच होतो. पण आमच्या मते तो एक पायरी आधीच थांबतो.

भीती खोटी नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. कारण काय, तर त्यांनी लावलेलं एक जुनं छायाचित्र. १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये सगळी गर्दी नाझी सलामी देत असताना एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असं ते प्रसिद्ध चित्र. नाझींना विरोध करणाऱ्याचं चित्र कंपनीने द्वेषमूलक ठरवलं! त्यानंतर नोव्हेंबरमध्ये हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. तिथली रचना अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळली.

ती रचना ईमेलसारखी आहे. जीमेलवाला याहूवाल्याला पत्र पाठवू शकतो, कारण दोन्ही सर्व्हर एकच भाषा बोलतात. इथे ती भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. मॅस्टोडॉन त्याआधीच, २०१६ मध्ये, जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने सुरू केलं होतं. मालक एक नाही, हजारो छोटे सर्व्हर आहेत, आणि उद्या तुमचाही त्यात असू शकतो. लिनक्सची ओळख असेल तर एका रविवारी तो उभा राहतो.

सोमवारपासून काय, हा खरा प्रश्न आहे.

मोझिलाच्या सांगण्यावरून क्युअर५३ या जर्मन कंपनीने मॅस्टोडॉनची सुरक्षा तपासणी केली आणि त्यात सापडलेला दोष जुलै २०२३ मध्ये जाहीर झाला. तेव्हा कळलं की खास पद्धतीने बनवलेली मीडिया फाइल पोस्टला जोडली, तर सर्व्हरवर हवी तिथे फाइल लिहिता येते. म्हणजे अख्खा सर्व्हर हल्लेखोराच्या हातात. दुरुस्ती ४.१.३ या आवृत्तीत आली. सहासात महिन्यांतच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याहून विचित्र दोष सापडला: दुसऱ्या सर्व्हरवरून कोणाच्याही खात्याचं सोंग घेता येत होतं, खातं बळकावताही येत होतं. ४.२.५ मध्ये तो बुजवला. पण विकसकांनी तपशील दोन आठवडे, १५ फेब्रुवारीपर्यंत, मुद्दाम जाहीर केले नाहीत. जगभरच्या सर्व्हरचालकांना अपडेट करायला तेवढा वेळ मिळावा म्हणून.

हे दोन आठवडे नीट समजून घ्या. दुरुस्ती आली की दोष कुठे होता तेही जाणत्याला कोडवरून ताडता येतं. ज्याने अपडेट केलं नाही, त्याचं कुलूप कसं उघडतं हे आता सगळ्यांना ठाऊक. कंपनीच्या ॲपमध्ये हे काम पगारी माणसं रात्री-अपरात्री करतात, आपल्याला कळतही नाही. स्वतःच्या सर्व्हरवर ते काम करणारा माणूस त्या आठवड्यात परीक्षेत किंवा बहिणीच्या लग्नात असतो.

आणि अपडेट म्हणजे फोनवरचं बटण नव्हे. आधी पोस्टग्रेसमधल्या डेटाबेसची प्रत काढायची, मग नवा कोड आणायचा, रूबी आणि जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवायची, डेटाबेसच्या रचनेतले बदल चालवायचे, सेवा पुन्हा सुरू करायच्या. प्रत्येक आवृत्तीच्या सूचना वेगळ्या. ऑक्टोबर २०२४ च्या ४.३ मध्ये डेटा कूटबद्ध करण्याच्या नव्या किल्ल्या आल्या. सेटिंगच्या फाइलमधून त्या हरवल्या, तर डेटाबेसची प्रत शाबूत असूनही त्यातला काही भाग वाचता येत नाही. सूचना न वाचता आज्ञा डकवत जाणाऱ्याला हे त्याच दिवशी कळत नाही, प्रत वापरायची वेळ आली की कळतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट माणसांची आहे. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. सर्व्हर चालवणारा ठरवलं तर ते वाचू शकतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एफबीआयने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरी छापा टाकला. प्रकरण सर्व्हरशी संबंधित नव्हतं, पण जप्त केलेल्या सामानात डेटाबेसची कूटबद्ध न केलेली प्रत होती, सदस्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. आपल्या गटातली एखादी मुलगी टोपणनावाने घरच्या अडचणी लिहीत असेल, तर तिचं खरं नाव कोणाच्या लॅपटॉपवर पडून आहे? एकाच वस्तीतला ओळखीचा मुलगा ॲडमिन असणं दूरच्या कंपनीपेक्षा सुरक्षितच असतं, असं मानायचं कारण नाही. शिवाय २०२१ चे आयटी नियम छोट्या सेवांनाही लागू आहेत. मोठ्या मंचांसाठीच्या जादा अटी ५० लाख सदस्यांच्या पुढे सुरू होतात, तक्रार अधिकाऱ्याचं नाव मात्र सगळ्यांनीच जाहीर करायचं असतं.

(सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणजे चालवणारा भला असेल, असंही नाही. द्वेषी मजकुरासाठी कुप्रसिद्ध गॅबने २०१९ मध्ये हाच कोड उचलला. इतर सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले, एवढंच त्यांच्या हातात होतं.)

म्हणून करू नका, असं आम्ही म्हणत नाही. एकट्याने करू नका, असं म्हणतो. सर्व्हरची किल्ली किमान तिघांकडे हवी आणि त्यात एक तरी बाई हवी. पन्नासेक जणांसाठी मॅस्टोडॉनचा पसारा लागतच नाही. गोटूसोशल हे गो भाषेतलं हलकं सॉफ्टवेअर एका फाइलवर आणि एसक्यूलाइटवर चालतं, अपडेटही त्यामानाने सोपं. तेही झेपत नसेल तर चांगल्या चालवलेल्या एखाद्या सर्व्हरवर खाती उघडा आणि त्याला दरमहा काही पैसे द्या. मॅस्टोडॉनचे अनुयायी दुसऱ्या सर्व्हरवरच्या मॅस्टोडॉन खात्यावर नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, हे लक्षात ठेवा.

ज्यांचा सर्व्हर आधीच चालू आहे, त्यांनी या शुक्रवारी आवृत्तीचा क्रमांक पाहावा, आणि डेटाबेसची शेवटची प्रत दुसऱ्या मशीनवर खरंच उघडते का, ते करून बघावं.