गच्ची ज्याची, वीज त्याची?

मागील उन्हाळ्यात वडोदऱ्याला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. त्यांनी मोठ्या कौतुकाने गच्चीवर नेऊन ३ किलोवॅटचा सौरसंच दाखविला आणि खाली आल्यावर विजेचे बिल हातात ठेवले. स्थिर आकाराखेरीज त्यात फारसे काही नव्हते. दिल्लीला परतल्यावर हे सारे मी उत्साहाने आमच्या मोटारचालकाला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "साहेब, आमच्या खोलीवरही गच्ची आहे, पण ती घरमालकाची."

प्रथम हिशेब पाहू. १ किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो व सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा व्यापतो. म्हणजे ३ किलोवॅटपासून महिन्याला साडेतीनशे युनिट. खर्च साधारणपणे दीड ते दोन लाख रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत त्यापैकी ७८,००० रुपये केंद्र सरकार देते. उरलेली रक्कम चार-पाच वर्षांत वसूल होते आणि पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकते. व्यवहार फायद्याचा आहे, यात शंका नाही.

परंतु सौरविजेचे एक वैशिष्ट्य आहे. कोळशाच्या विजेचे पैसे आपण महिन्याच्या महिन्याला देतो. सौरविजेचे मात्र २५ वर्षांचे बिल जणू पहिल्याच दिवशी भरावे लागते. त्यामुळे ही स्वस्त वीज ज्याच्यापाशी गच्ची आणि भांडवल आहे त्याच्याच घरी प्रथम पोहोचते. २०१५ मध्ये छतावरील सौरविजेचे ४०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट २०२२ पर्यंत गाठावयाचे ठरले होते. ते बरेच दूर राहिले. त्यामागे हेही एक कारण होते.

दुसरे कारण वीज वितरण कंपन्यांचे. अधिक वीज वापरणारा ग्राहक वरच्या टप्प्याचा दर देतो व त्यातून लहान ग्राहकाचा दर काही अंशी सावरला जातो. तोच ग्राहक नेट मीटरिंगमुळे बिलातून मुक्त झाला, तर तारा, खांब व रोहित्रे यांचा खर्च उरलेल्यांवर पडणार. त्यातून सूर्यास्तानंतर बंधूंनाही ग्रिडचीच वीज लागते. म्हणजे बिनगच्चीच्या माणसाला स्वस्त वीज तर मिळत नाहीच, उलट त्याची आहे ती महाग होण्याचा संभव. अनुदान मात्र त्याच्याही करातून जाते.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका टिपणीत मी भांडवली अनुदानाचे हिरिरीने समर्थन केले होते. गच्ची कोणाची, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनातही आला नाही.

मग उपाय काय? माझ्या मते तीन.

१. एका ठिकाणच्या सामाईक संचातील वीज अनेकांच्या बिलांत वाटून देणारे आभासी नेट मीटरिंग. दिल्लीत याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून आहेत. शाळा, मंडया व सरकारी कार्यालये यांच्या छतांपासून त्याचा विस्तार करावा आणि वाटा प्रथम लहान ग्राहकांना द्यावा.

२. भाडेकरूच्या नावे स्वतंत्र मीटर. घरमालकाच्या सबमीटरवर राहणाऱ्यापर्यंत कोणतीच सवलत पोहोचत नाही. तो हिशेबातच नसतो.

३. सौरसंच असणाऱ्याकडून तारांच्या वापराचा माफक, स्पष्ट आकार. बंधूंना हे आवडणार नाही. पण रात्री ग्रिड त्यांची बॅटरी होते, तिचे मोल द्यावयास हवे.

ही मते अर्थातच वैयक्तिक आहेत. सौरऊर्जेला माझा विरोध नाही; ती अधिक घरांत पोहोचावी, एवढाच आग्रह आहे. घरापासून दूर, भाड्याच्या जागेत संसार मांडलेल्या आपल्यापैकी अनेकांना त्या मोटारचालकाचे वाक्य सहज समजेल. सूर्य सर्वांचा आहे. निदान त्याची वीज तरी सातबाऱ्यावर नाव पाहून उतरू नये.